तळ्याची जाड रेघ

सुमेधानं कढत पाण्याच्या बादलीत फूटपट्टी घालून कापडाचं टोक वर उचललं. निळसर खळ सुटायला लागली होती आणि टोकावरच्या चार झाडांचे काळे ओघळ झाले होते. बाकीचं कापड अजून बादलीच्या काठावर कोरडं लोंबत होतं. तिनं ते ओढून कार्यालयाच्या बाथरूमच्या फरशीवर पसरलं.

"अवो सुमेधाबाई, काय करताय!" गिरजाबाई ओरडल्या. "पाणी गार झालं तर खळ नाय निघायची."

"नकोच निघायला. हा बागेचा नकाशा आहे."

"होता. आता माजं कापड हाय. सही करून घेतलंय."

गिरजाबाई कार्यालयातल्या शिपाई, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. हा जुनाच रिवाज होता. नकाशे काढायचं ते ट्रेसिंगचं कापड अस्सल सुती असायचं. नकाशा रद्द झाला की बायका तो वाटून घेत, कढत पाण्यात भिजवून खळ काढत, आणि मग हाती येई ती लोण्यासारखी मऊ मलमल. वाशीच्या या बैठ्या शेडांमध्ये अख्खं नवं शहर आधी कापडावर उतरलं होतं, आणि त्याच शहरातली निम्मी तान्ही बाळं गटारांच्या आणि चौकांच्या आराखड्यांत गुंडाळली गेली होती. सुमेधा इथं दहा वर्षं ट्रेसर होती. तिनं स्वतः एका पंपहाउसाचे हातरुमाल केले होते.

पण या खेपेची यादी निराळी होती. एकेचाळीस नकाशे, आणि एकूण एक बागांचे. शाळेजवळची बाग, खाडीकाठची बाग, दोन गावांच्या मधली आमराई. कुठली झाडं जुनी म्हणून ठेवायची, कुठली नवी लावायची, पायवाट कुठून वळवायची, सगळं त्यांत होतं. यंदा, म्हणजे शहाऐंशी साली, जे नवे नकाशे निघाले होते त्यांत या बागा धुतलेल्या कापडासारख्या आटल्या होत्या. कार्यालय बेलापूरच्या नव्या इमारतीत हलायचं होतं, तिथं जुन्याला जागा नाही, असं कारण होतं. यादीखाली कार्यालयप्रमुख राजाध्यक्ष साहेबांची सही होती: 'निरुपयोगी कापड, कर्मचाऱ्यांना वाटप.'

सुमेधानं ओल्या कापडावरचा नंबर पाहिला. पाच. तिनं विचारलं,

"गिरजाबाई, सतरा नंबर कुणाकडे गेला?"

सतरा नंबर तिला पाठ होता. तिच्या हातून उतरलेला तो पहिला मोठा नकाशा. शहात्तर साली मोजणीवाल्यांबरोबर ती खाडीकाठच्या गावात गेली होती. जन्मभर मिठागरात राबलेला देवजी मढवी त्यांना तळं दाखवायला बांधावरून पुढे चालत होता. गावाची जमीन शहरासाठी गेली होती. तळं मात्र बागेत राहील, असा शब्द गावाला मिळाला होता. सुमेधा फळ्यावर कागद लावून बसली तेव्हा देवजी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"बाय, तलाव मोटा हाय. रेघ पन मोटी मार."

तिनं मारली. परत आल्यावर तिनं ती कापडावरही शाईनं तशीच उतरवली, तेव्हा हेड ड्राफ्ट्समन दिनानाथ सबनीसांनी सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली होती. रेघ जाड झाली आहे, कापडात शाई मुरली आहे, पुन्हा काढा. एकवीस वर्षांच्या सुमेधानं मान खाली घातली आणि ती रेघ काही पुन्हा काढली नाही.

आज सकाळी तोच देवजी, आता काठी टेकत, साहेबांच्या केबिनबाहेर दोन तास बसला होता. तळ्यात भरावाचे डंपर यायला लागले होते. साहेबांनी त्याला गोड शब्दांत सांगितलं, "बाबा, आमच्या नकाशात तिथं मोकळा प्लॉट आहे. तळं कागदावर दाखवा, मी काम थांबवतो." ते ऐकून सुमेधा कपाटाकडे धावली होती. कपाट रिकामं होतं.

 गिरजाबाईंनी पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"सतरा तुमच्याच घरी हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या छकुलीच्या अंगावर."

चार महिन्यांपूर्वी सुमेधाला मुलगी झाली तेव्हा गिरजाबाई घरी झबलं घेऊन आल्या होत्या. हातशिलाईचं, बंदांचं, आणि वर टोपरं. ते इतकं मऊ होतं की सुमेधानं ते आपल्या गालाला लावलं होतं.

"यादी तर आत्ता निघाली. तेव्हा हे कापड कुठून आलं?"

"साहेबांनी बोलावून दिलं की. म्हनाले, सुमेधाबाईंच्या बाळाला काय तरी शिवा. मला वाटलं, मानूस चांगला हाय."

सुमेधा तशीच ओल्या हातांनी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी हसून मान वर केली.

"या. बाळ बरं आहे ना? झबलं बसलं का अंगाला?"

त्या हसण्यानं तिच्या सगळं ध्यानात आलं. एकेचाळिसांतला नेमका एकच नकाशा या माणसानं आधी वेचून काढला होता, आणि तो नाहीसा करायला तिचंच बाळ शोधलं होतं. तिला इतका संताप आला की टेबलावरची शाईची दौत उचलून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओतावी असं वाटलं. तिनं हात मागे घेतले.

"साहेब, सकाळी तुम्ही देवजीकाकांना म्हणालात, तळं कागदावर दाखवा, काम थांबवतो. खरंच थांबवाल?"

"मी शब्दाचा पक्का माणूस आहे. दाखवा. पण नोकरी करायची आहे ना तुम्हाला अजून?"

"करायची आहे म्हणूनच विचारलं."

घरी आल्यावर तिनं मुलीच्या अंगातलं झबलं काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पायवाटा गेल्या होत्या, झाडं गेली होती, अक्षरांचा मागमूस नव्हता. पण पाठीवरून काखेकडे एक करडी, जाड रेघ गेली होती, आणि बाहीच्या शिवणीशी येऊन ती कापली गेली होती. तळ्याचा बांध. दहा वर्षांपूर्वी शाई मुरली होती ती मुरलीच होती. खालची दुमड तिनं उसवली, तर आत कापडाची मूळ कड निघाली. तीवर ठशानं उठवलेला सतरा होता, अर्धा पुसलेला, आणि शेजारी तिची आद्याक्षरं.

तिला वडिलांची आठवण झाली. तिचे वडील परभणीकडच्या खेड्यातून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत फक्त कागद: शाळेचे दाखले, अर्जांच्या पोचा, मंजूर न झालेल्या अर्जांच्यासुद्धा. आपल्या माणसाचा तोंडी शब्द गावात कुणी मानत नाही, पोर, म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, असं ते सांगत. त्या वेळी सुमेधाला त्यांची लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी ती आवकच्या खिडकीशी गेली. तिथं आता दिनानाथ बसत. कुठल्याशा नकाशावर सही करायला त्यांनी कां-कूं केली म्हणून वर्षापूर्वी त्यांना ड्रॉइंगमधून उचलून टपाल नोंदवायला बसवलं होतं. इथंही त्यांची शिस्त तीच. रजिस्टरात ओळीला ओळ लागून, मध्ये मोकळी जागा म्हणून नाही. संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली फूटपट्टीनं आडवी रेघ मारली की दिवस संपला.

"सर, अर्जाला जोडलेला नकाशा कार्यालयाला नको झाला तर फेकता येतो?"

"आवक नंबर पडला की तो अर्जाचा भाग. अर्ज निकाली निघेपर्यंत त्याला कुणी हात लावू शकत नाही." दिनानाथांनी मान वर केली नाही. "निकाली निघाला तरी पुढे तीस वर्षं जपावा लागतो."

"आणि कागदाऐवजी कापड असलं तर?"

आता त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 

"जोडाल ते सहपत्र," ते म्हणाले. "पण मला यात ओढू नका, ओव्हाळबाई. अकरा महिने राहिलेत माझे."

पुढचे तीन दिवस सुमेधा आणि गिरजाबाई बायकांच्या घरोघर फिरल्या, वाशीपासून नेरूळपर्यंत. कुणी कापड भिजत घालायच्या बेतात होतं, कुणी त्यावर पापड वाळत घातले होते. एकीनं नोकरीची भीती घातली, दुसरी म्हणाली, मलमल काय फुकट येते का? गिरजाबाईंनी तिला तिथंच सुनावलं, "ज्या बागेत तुजी पोरं खेळायची, ती नेसून बसनार काय?" चाळीसही नकाशे मिळाले.

शुक्रवारी संध्याकाळी आवकच्या खिडकीसमोर रांग लागली. चौदा बायका, प्रत्येकीच्या बगलेत गुंडाळ्या, आणि प्रत्येकीच्या हातात एकाच मजकुराचे अर्ज: मी या शहराची रहिवासी आहे, सोबतच्या नकाशातील बागेचे पुढे काय झाले ते कळवावे. दिनानाथ शिक्का मारत होते, नंबर घालत होते, पोच फाडून देत होते. गुंडाळ्यांचा ढीग त्यांच्या खुर्चीमागे कमरेइतका झाला. पाच नंबरच्या नकाशावरचे ओघळ पाहून ते चुकचुकले, तेवढंच.

रांगेत शेवटी देवजी होता. त्यानं अर्ज सरकवला आणि त्यावर घडी घातलेलं झबलं ठेवलं.

"आमचे गनपती त्याच तलावान जातान," तो झबल्यावर बोट ठेवत म्हणाला. "त्यो यान हाय."

दिनानाथांनी झबलं उलगडलं, पाठ वर केली. रेघेवरून त्यांचं बोट सावकाश फिरलं.

"जाड आहे," ते म्हणाले. "तेव्हाच सांगितलं होतं मी."

"हो, सर," खिडकीपाशी उभी असलेली सुमेधा म्हणाली.

तेवढ्यात राजाध्यक्ष साहेब आले. रांग पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला.

"हा काय तमाशा आहे? सबनीस, हे सगळं परत करा. रद्द केलेलं कापड आहे ते."

"कापड त्यांचं आहे, साहेब. वाटपाच्या यादीवर आपलीच सही आहे." दिनानाथांनी झबल्याच्या कडेला, सतराच्या शेजारी, जपून शिक्का उठवला. "आणि आता नंबर पडला."

साहेबांनी झबलं हिसकावल्यासारखं उचललं आणि उजेडाला धरलं. मग हसले.

"हे तळं? ही तर नुसती अर्धी रेघ आहे, बाहीपाशी तुटलेली. पलीकडचा काठ कुठे आहे?"

सुमेधानं त्यांच्या हातातून झबलं काढून घेतलं, नीट घडी केली आणि परत खिडकीत ठेवलं.

"टोपऱ्यावर आहे, साहेब. वाळत घातलंय. उद्या आणते."

बायका हसल्या. देवजीनं पोच दोनदा घडी करून टोपीत खोवली. साहेब काहीतरी बोलत केबिनकडे गेले. दिनानाथांनी नोंद पुरी केली, सहपत्राच्या रकान्यात 'झबले, नग एक' लिहिलं, आणि दिवस संपवणारी आडवी रेघ मारायला फूटपट्टी उचलली. मग त्यांनी ती एक ओळ खाली सरकवली, आणि मध्ये तेवढी जागा मोकळी सोडली.