अर्धं माप

दुसरं करडू सव्वानऊला बाहेर आलं. पहिलं वीस मिनिटं आधी आलं होतं, मेलेलंच.

धाकट्या सुनेने दुसऱ्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, गोणपाटाने अंग खसाखसा चोळलं, काट्यावर धरलं. एक किलो दोनशे. करंगळी तोंडात घालून पाहिली. तोंड गार, ओढ नाही.

"कास बघ," सासूबाई म्हणाल्या.

सडातून दोन थेंब आले, तेही पाण्यासारखे. "चीकच नाही, आई."

शेळी भिंतीला टेकून उभी होती. तिचे मणके लांबूनही मोजता आले असते. गेल्या वेताला पिल्लू अडलं होतं आणि शेळी जाता जाता वाचली होती. म्हणून या खेपेला शेवटचा दीड महिना सासूबाईंनी तिच्या खुराकातल्या भरड्याचं माप निम्म्यावर आणलं. पिल्लू लहान राहील, सुटका सोपी होईल. सुटका सोपी झाली होती.

सुनेने डॉक्टरांना फोन लावला.

"आधी ऊब द्या, मग चीक. दुसऱ्या शेळीचा चालेल. पण तासाभरात. त्याच्या अंगात चरबीच नाही, फार वेळ तगायचं नाही."

भिंतीपलीकडे थोरल्या जावेची शेळी पहाटेच व्याली होती. तिचा खुराक बघून सासूबाईंनी विचारलं होतं, "शेळी पाळतेस की पहिलवान?" तेव्हापासून तीन आठवडे बोलणं बंद होतं.

सून पेला घेऊन उठली. सासूबाईंनी तो तिच्या हातून काढून घेतला. "तू पिल्लू धर. मी जाते."

सुनेने करडू स्वेटरच्या आत, पोटाशी धरलं. साडेनऊ. पावणेदहा. त्याची मान लुळी पडत होती. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

दार वाजलं. सासूबाईंमागोमाग थोरली आत आली, पेला तिच्याच हातात होता, पदराखाली.

"शेवटी पहिलवानाचंच लागलं ना?" ती सासूबाईंना म्हणाली.

"बोल हवं तेवढं," सासूबाई म्हणाल्या. "आधी पाज."

सुनेने पुन्हा करंगळी घातली. आता तोंड कोमट होतं. थोरलीने चीक बाटलीत ओतून थेंब थेंब सोडला. पहिला घोट ओघळला. दुसराही. तिसऱ्याला घशात हालचाल झाली, आणि मग बाटलीचं बोंडलं ओढलं गेलं.

"ओढतंय!"

कोपऱ्यात दुसरी गाभण शेळी होती, व्यायला तीन आठवडे उरलेली, तीही निम्म्या मापावर. सासूबाईंनी तिच्यासाठी भरड्याचं माप काठोकाठ भरलं.

थोरलीने त्यांचा हात धरला. "एकदम नको, पोट फुगेल. रोज थोडं थोडं वाढवायचं."

सासूबाईंनी माप तिच्या हातात दिलं. "मग तूच घाल."