लाईट गेल्यावर

कुलदीपने खुर्ची पायाने मागे ओढली. उर्वशी अजून तिच्यात बसलेलीच होती.

“ऊठ. मले न विचारता सर्व्हरले हात काऊन लावला?”

“रघुनाथकाकांनी सांगतलं,” उर्वशी म्हणाली. “लाईट गेली का तुमाले फोन, मंग तुम्ही येनार, मंग गावांले नेट भेटनार. लोक हासून राहिले आपल्यावर, दादा.”

पांढुर्ण्याच्या त्या केबल-इंटरनेटच्या ऑफिसात एकाच सर्व्हरमध्ये सौसर, मोहगाव, रामाकोना, सगळ्या गावांचं नेट सांभाळणारी आभासी यंत्रं चालत. खरं नेटवर्क कार्ड एकच. सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली त्याचीच आभासी कार्डं करून गावागावाला एकेक देई. सर्व्हर बंद पडला की ती पुसली जात, आणि कुलदीप येऊन हाताने आज्ञा टाईप करून ती पुन्हा उभी करी. सर्व्हर चालू होताच हे आपोआप व्हावं असं फाईलमध्ये लिहून ठेवता येतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने कधी लिहिलं नाही. महिन्याभरापूर्वी नोकरीला लागलेल्या उर्वशीने काल लिहिलं.

मालक रघुनाथराव चहाचा ग्लास घेऊन दारात आले. भिंतीवरच्या टीव्हीत ह्याच नेटवरून रामाकोन्याचा मांडव थेट दिसत होता. सप्त्याचा शेवटचा दिवस; हिरामण महाराज काल्याच्या कीर्तनाला उभे राहायचे होते.

“आत्ताच बंद करून चालू कर म्हना हिले,” कुलदीप म्हणाला. “चाललं, तं उद्यापासून मी येत नाई.”

“कीर्तनाच्या टायमाले?”

“लाईट काय इचारून जाते, काका?”

उर्वशीने ओठ घट्ट मिटून सर्व्हर बंद केला, चालू केला. कार्डं उभी राहिली. टीव्ही मात्र काळाच राहिला.

“काय इंजिनेरबाई? कार्डं तं आली. कीर्तन कुठी गेलं?” कुलदीपने विचारलं.

त्याला एका नजरेत कळलं होतं. किती कार्डं करायची तेवढं तिने लिहिलं होतं. कोणत्या कार्डाचा पत्ता कोणता, ते नाही. सर्व्हरने प्रत्येकाला मनाला येईल तो पत्ता दिला होता, आणि नेट पुढे सोडणारा स्विच अनोळखी पत्त्यांना वाट देईना. ते जुने पत्ते कुलदीपला आरतीसारखे पाठ होते.

“हट बाजूले.”

उर्वशी भिंतीला टेकून ओढणीचं टोक पिळत राहिली. कुलदीपची बोटं चालली आणि पडद्यावर मांडव उगवला. पखवाज वाजू लागला. सगळ्यांचे डोळे तिकडे लागले, तरी कुलदीप थोडा वेळ टाईप करतच होता.

“पाह्यलं?” रघुनाथराव उर्वशीला म्हणाले. “ह्याच्याबिगर ऑफिस चालत नाई. उद्यापासून तू बिलाच्या टेबलावर बस.”

कुलदीप दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला. रामाकोन्याच्या देवळात लहानपणी तो मागच्या रांगेत टाळ धरायचा. ही नोकरी लागल्यापासून एकही कीर्तन त्याने शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. मध्येच फोन यायचाच.

महाराज गोपाळांच्या शिदोऱ्यांवर आले आणि पंखा थांबला. टीव्ही विझला. सर्व्हरही. मागे जनरेटर घरघरला.

“कुलदीप!”

कुलदीप हलला नाही.

“अबे, बसून काय राह्यला?”

“थांबा नं काका.”

आणि पडदा आपोआप उजळला. “…साऱ्यांच्या शिदोऱ्या देवानं एकात कालवल्या,” महाराज सांगत होते, “मंग कोनाची भाकर कोनती, कोन सांगन?”

रघुनाथराव पडद्याकडे, मग उर्वशीकडे पाहत राहिले. “म्हंजे पोरीचं चाललं?”

“हाव,” कुलदीप म्हणाला. “चाललं.”

उर्वशी वाकून तिची फाईल उघडत होती. तिच्या ओळींखाली, तिने न लिहिलेले, सगळे पत्ते ओळीने बसले होते. तिने मान वर केली.

“दादा, हे मी—”

“गप. कीर्तन ऐक.”

ती बाकाजवळ आली. आवाज खाली करून म्हणाली,

“उद्या येसान नं?”

मांडवात गजर चढला. कुलदीपने डोळे मिटले होते. गुडघ्यावर त्याचा तळवा ताल धरत होता.