देवचाराची राखण

आमच्या पार्शे गावात माणूस माणसाशी खोटं बोलेल, बायकोशी तर रोज बोलेल, पण देवचाराशी बोलणार नाही. देवचार म्हणजे गावच्या शिवेचा राखणदार. काजूच्या बागायतीपलीकडे वडाखाली त्याची जागा आहे. तो शिवेवर हिंडत असतो, म्हणून त्याला रोट द्यायचा, काजूची दारू म्हणजे उर्राक द्यायची, विडी द्यायची आणि चालून झिजतात म्हणून नव्या वहाणा द्यायच्या. बोललेलं द्यायचंच. शब्द मोडला तर काय होतं हे आमच्यात कुणाला ठाऊक नाही, कारण मोडून बघायची कुणाची छाती झालेली नाही.

माझा नवरा सिद्धेश सैन्यात. त्या मे महिन्यात तो पूंछच्या बाजूला अगदी सीमेवर होता. तोफा सुरू झाल्याचं कळलं तशा माझ्या सासूबाई चंद्रावती वडाखाली गेल्या आणि आंगवण, म्हणजे नवस, बोलून आल्या. लढाई चालू आहे तोवर माझ्या झिलाच्या पाठीशी उभा राहा, थांबली की तुला वहाणा देईन. लगेच म्हापशाच्या चांभाराकडून खिळे मारलेल्या भल्यामोठ्या वहाणा करूनही आणल्या. एरवी मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. पण त्या दिवसांत मीच त्या वहाणा पुसून माळ्यावर ठेवल्या.

आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, परेश नावाचा पंच आहे. त्या दिवसांत त्याचा मोबाईल सारखा डरकाळ्या फोडायचा. घुसून मारा, नकाशा बदला, आता थांबायचं नाही. त्याच्या घरातलं कुणी साधं होमगार्डातही नाही. दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर शूर व्हायला काय जातं?

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर शस्त्रसंधी जाहीर झाली. पाठोपाठ सिद्धेशचा फोन आला. म्हणाला, "गौरवी, थांबला सगळा. आता न्हातंय आनी निजतंय." एवढं बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. मी देवघरासमोर बसून रडून घेतलं.

तोवर परेश फटाक्यांची माळ घेऊन अंगणात हजर. कालपर्यंत थांबायचं नव्हतं, आज थांबल्याचा आनंद ह्यालाच सर्वांत जास्त. काकी, लढाई थांबली, देवचाराचं देणं ठेवून घेऊ नको, असं तोच आधी सासूबाईंना म्हणाला. मी म्हटलं, दोन दिवस जाऊ द्या, काय होतं ते बघू. सासूबाईंना ते पटलं नाही. सरकारने सांगितलं, टीव्हीने सांगितलं, झिलाने स्वतः सांगितलं. आता वहाणा घरात ठेवल्या तर मी खोटी ठरेन, म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान बाबाजी काकांचा. त्यांनी वडाखाली वहाणा ठेवल्या, रोट ठेवला, उर्राक ओतली आणि म्हणाले, "बाये बोलली ता तिणा दिला. आता तुझी राखण सुटली रे म्हाराजा." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणाले.

घरी येऊन पाय धुतले, तुळशीकडे दिवा लावला आणि टीव्ही बघते तर भोंगे वाजतायत, आकाशात ड्रोन, स्फोट. घटकाभरापूर्वी पेढे वाटल्यासारखा हसणारा निवेदक परत बाह्या सरसावून बसला होता. सिद्धेशचा फोन लागेना. आम्हाला शब्द पाळायला एक तिन्हीसांज लागली, त्यांना मोडायलाही तेवढीच पुरली.

सकाळी वाड्यावरची माणसं जमली. मला वाटलं, शब्द मोडणाऱ्यांना चार शिव्या तरी घालतील. कसलं काय! सगळ्यांचं एकच, चंद्रावतीने घाई केली. राखण उठवली म्हणून असं झालं. आणि हे म्हणणाऱ्यांत परेश पहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. तोफा डागणारा सुटला, ड्रोन सोडणारा सुटला, मोठमोठ्या टेबलांवर बसून शब्द देणारे सुटले आणि सापडली कोण, तर पार्शाची एक विधवा बाई, बोललेलं वेळेवर दिलं म्हणून.

सासूबाईंनी चूल पेटवली नाही. मीच माझ्या झिलाची राखण उठवली, एवढंच त्या उंबऱ्याशी बसून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बाबाजी काकांनी निरोप धाडला, कोंबडा घेऊन या, चुकीची माफी मागू, राखण परत बसवू.

वडाखाली सासूबाईंनी जमिनीला कपाळ टेकलं. काकांनी सुरुवात केली, बाई अजाण, तिच्या हातून चूक झाली, पदरात घे. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडे गाऱ्हाण्यात बाईमाणूस बोलत नाही. मी बोलले.

"काका, चूक हिची न्हय. थांबली म्हणून हिका सांगला, तेवाच हिणा बोललेला दिला. थांबतो म्हणून सांगून जे थांबले नाय, त्यांच्या नावान गाऱ्हाणा घाला. ही माफी मागूची नाय."

परेश मधे पडला, वहिनी, हे देवाचं काम आहे, असं म्हणू लागला. मी त्याला सांगितलं, काल वहाणा द्यायची घाई तुला होती, कोंबडा धर आणि तूच माग माफी. तो मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागला.

बाबाजी काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता मला हाकलणार. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि नव्याने सुरुवात केली. "म्हाराजा, जो कोण शब्द देता आनी मोडता, तो शिवेच्या ह्या कुशीचो असो नायतर त्या कुशीचो, त्याका तू बघून घे." व्हय म्हाराजा म्हणताना माणसांचा आवाज चढला. मी सासूबाईंना धरून उठवलं आणि कोंबडा तसाच घरी नेला.

दुपारी एका अधिकाऱ्याचा फोन आला. तो हिंदीत हळू बोलत होता. सिद्धेश वाचला आहे. अंघोळीला निघाला होता, वाटेत तोफगोळा पडला. इस्पितळात उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. मी फोन ठेवून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, हे थांबल्यानंतर झालं की आधी. मी म्हटलं, नंतर. त्या पदराने तोंड झाकून भिंतीला टेकल्या.

संध्याकाळी परेश आला. सिद्धेश परतला की पंचायतीसमोर सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, म्हणाला. मग आम्हाला धीर यावा म्हणून मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचली. तुरळक उल्लंघनं वगळता शस्त्रसंधी टिकून आहे, सीमेवर शांतता आहे. आता काळजी नको काकी, असंही वर म्हणाला.

सासूबाईंनी डोकं वर केलं. "तुरळक म्हणजे कितक्या रे, परेशा?"

"थोडा गे काकी. मोजण्यासारखा नाय."

सासूबाई उठून त्याच्यासमोर गेल्या. आपला उजवा हात त्याच्या तोंडापुढे सरळ धरला आणि डाव्या हाताने कोपराच्या वर घट्ट पकडला.

"हयसून खाली," त्या म्हणाल्या. "मोज."