बाहेरचं वारं

लाँड्रीवाल्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर त्याच्या दिवंगत आईचा फोटो, आणि फोटोच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. बघे हात जोडून उभे. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा यांतलं कुत्रंही तिकडे फिरकलं नव्हतं.

"माउली रडतेय!" बुवा गरजले. "घराला बाहेरचं वारं लागलंय. खिडकीची फट न् फट बुजवा!"

बुवांची पांढरीशुभ्र कफनी याच लाँड्रीत फुकट धुतली जायची. त्यामुळे या घराची त्यांना भारी काळजी.

लाँड्रीवाल्याने खिडकीला चिकटपट्ट्या मारल्या. आई दुप्पट रडू लागली. "बघा, प्रचिती!" बुवा म्हणाले. भक्तांनी माना डोलावल्या. मानांना दुसरं काम नव्हतंच.

लाँड्रीवाल्याची धाकटी लेक चिमणी त्याच खोलीत झोपायची. तिची छाती घरघरू लागली. दवाखान्याचं नाव काढलं की बुवा डोळे वटारायचे, "उंबऱ्याबाहेर नेलीत तर पोर हातची जाईल." बाप पोरीला पुन्हा त्याच खोलीत निजवायचा.

शेवटी चिमणीच्या आईनेच कुणाला न विचारता डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. शेजारचा मीही मागोमाग घुसलो. बुवा आत ठाण मांडून होतेच, आणि त्यांची फजिती बघायची संधी सोडणाऱ्यांतला मी नव्हे.

बाईंनी आधी पोरीला तपासलं, मग फोटो उतरवला. मागे काळी बुरशी. खोलीभर दोऱ्यांवर ओल्या चादरी, कोपऱ्यात उकळता हंडा.

"फ्रिजमधलं पाणी आणा," त्या म्हणाल्या. गार पेला टेबलावर ठेवला. बघता बघता तो बाहेरून ओला झाला, थेंब ओघळू लागले.

"बुवा, या पेल्याचं कोण गेलं हो?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"चादरींची वाफ कोंडलीय. थंडीने गार पडलेल्या भिंतीवर, काचेवर तिचं पाणी होतं. ओलीवर बुरशी धरते, आणि ती या पोरीच्या छातीत जातेय."

"तुमच्या शास्त्राला सगळं कळत नाही!"

"नसेल. एवढं कळतं."

तोवर चिमणीची आई स्टुलावर चढली होती. तिने चिकटपट्ट्या टराटरा ओढल्या.

"अगं, बाहेरचं वारं लागेल!" नवरा ओरडला.

"लागू दे! माझ्या लेकीला तेच हवंय."

चादरी गच्चीवर गेल्या, भिंत घासून कोरडी केली, बाईंच्या औषधाने चिमणी सावरली. माउलीचं रडू थांबलं. बुवांची कफनी हल्ली मळकट दिसते.

बाबांनो, भिंतीला पाणी सुटलं तर हात जोडू नका. खिडकी उघडायला एक हात पुरतो.