दवाखान्याची चावी

चर्चच्या हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी लिडियाबाईंच्या हातात ते जाहिरातीचं गुळगुळीत चोपडं पडलं आणि त्यांचा पारा जो चढला तो उतरलाच नाही. वर भीमेकाठच्या मिशन बंगल्याचा फोटो, ओळखू येऊ नये इतका नटवलेला. खाली छापलेलं : ‘भीमा मॅनर. इंग्रज साहेबाच्या नदीकाठच्या महालात आता तुमचा लक्झरी फ्लॅट.’

साहेब कुठला आलाय! बंगला बांधला मिशनच्या मोठ्या मडमबाईंनी, तोही बायकांच्या दवाखान्यासाठी. चुना मळला गावच्या बायकांनी, दगड वाहिले त्यांनीच. शंभर वर्षांत तिथं मुक्काम केला तो बाळंतिणींनी. लिडियाबाईंची स्वतःची पस्तीस वर्षं तिथं नर्स म्हणून गेली होती. रिटायर झाल्यावरही मागच्या दोन खोल्यांत त्या आठवड्यातून दोनदा दवाखाना उघडत. शुक्रवारी दौंडहून डॉक्टरीणबाई येत. पार वडगाव रासाईकडच्या वस्त्यांवरून पोटुशा बायका येऊन ओट्यावर बसत.

मिशनच्या ट्रस्टवाल्यांनी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि बंगला विकून टाकला. घेणारा होता रविराज, ऊसवाहतुकीच्या ट्रकांवर मोठा झालेला इथलाच माणूस. उन्हाळ्यात तो लिडियाबाईंच्या पाया पडून गेला होता. “बाई, दवाखान्याच्या दोन खोल्यांना हात लावनार न्हाई. मी तिथंच जन्मलोय,” म्हणाला होता. चर्चच्या मंडळीतले चार लोक म्हणत होते की हे कागदावर घ्या. लिडियाबाईंनीच त्यांना गप्प केलं. आपल्या हातात पहिलं रडलेल्या पोराकडं कागद कसला मागायचा? चूक झाली ती इथंच, आणि ती त्यांची एकटीची होती.

चोपड्याच्या शेवटच्या पानावर नकाशा होता. त्या दोन खोल्यांच्या जागी लिहिलं होतं, ‘स्पा आणि मसाज’.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भक्ती झाली आणि रिवाजाप्रमाणे बंगल्याच्या व्हरांड्यात लिलावाचं टेबल मांडलं गेलं. हंगामाला जो तो आपल्या रानातलं, घरातलं पहिलं काही देवाला आणतो. कुणी भोपळा, कुणी अंडी, कुणी कोंबडी. मग त्याचा लिलाव होतो. लिलावाची रीत अशी, की ज्यानं बोली जिंकली त्यानं पैसे द्यायचे आणि वस्तू परत टेबलावर ठेवायची. मग तिचा पुन्हा लिलाव. एकेक भोपळा असा चार-चार घरं फिरतो, आणि शेवटी ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याच्याकडं जातो. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

व्हरांड्यापुढचा मांडव रविराजनं दिला होता म्हणून पाळकसाहेबांनी त्याला पाहुणा म्हणून बोलावलेलं. त्यानं पहिल्याच भोपळ्याला मोठी बोली लावली, भोपळा उचलून फोटो काढून घेतला आणि ड्रायव्हरच्या हाती गाडीत धाडला. मांडवातली पोरं फिदीफिदी हसली. एडविनमामा लिलाव पुकारत होते, ते मात्र हसले नाहीत. त्यांचा मुलगा एबनेझर नुकताच रविराजच्या साइटवर सुपरवायझर लागला होता.

लिडियाबाई उठल्या. कमरेची चावी सोडून त्यांनी टेबलावर ठेवली.

“ही पन लिलावात घ्या, मामा.”

“कशाची हाय?”

“दवाखान्याची. यंदाचा माझा हंगाम हाच.”

पहिली बोली लावली सगुणाबाईंनी. त्या धनगरवस्तीवरच्या; चर्चच्या नव्हेत, पण सून पूनम या खोल्यांत मरता मरता वाचली तेव्हापासून दर हंगामाला एक कोकरू घेऊन येणाऱ्या. “धा रुपये,” म्हणाल्या, नोट ठेवली, चावी हातात घेऊन कपाळाला लावली आणि परत टेबलावर ठेवली. मग दुसरी उठली, मग तिसरी. ज्यांची बाळंतपणं त्या खोल्यांत झाली होती त्या सगळ्या उठल्या. चावी फिरत राहिली आणि प्रत्येक जण ती परत ठेवत राहिली.

रविराजला आता कळलं की हे काय चाललंय. तो उभा राहिला.

“पन्नास हजार. मिटवा हे नाटक, मामा.”

“बाळा, घेतलेलं परत ठिवायचं असतं हितं,” लिडियाबाई म्हणाल्या. “ठिवशील?”

“बाई, प्रॉपर्टी माझ्या नावावर हाय. पेपर क्लिअर हायेत. घेतलेलं परत कोन ठिवतं?”

“तू जन्मलास तवा निळा पडला होतास. तुझी आई वरडत होती, आन् मी तुझ्या तोंडात फुंकत होते. त्याच खोलीत. तवा कुनी पेपर मागितला न्हाई तुज्याकडं. लाज वाटू दे जरा.”

रविराजची मान क्षणभर खाली गेली. मग त्यानं ती झटकली. चोर तो चोर, वर शिरजोर.

“पुकारा, मामा.”

एडविनमामांनी टेबलावर थाप मारली. “पन्नास हजार, एक वार.” त्यांनी मांडवाच्या कडेला उभ्या एबनेझरकडं पाहिलं. “पन्नास हजार, दोन वार.” मग त्यांचा हात वरच राहिला. खूप वेळ राहिला. आणि थाप न मारताच ते खुर्चीत जाऊन बसले.

“तीन म्हना की,” रविराज म्हणाला.

“न्हाई म्हनत,” मामा म्हणाले.

तीन म्हटल्याशिवाय लिलाव पुरा होत नाही. रविराजला चावीला हात लावता येईना. “ऱ्हाऊ द्या तुमाला. मी कुलूपच बदलतो,” म्हणत तो गाडीत बसला. भोपळाही घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी एबनेझरला कामावरून काढलं. नाताळाच्या आत कुलूप बदललं, आणि दोन वर्षांत खोल्या पाडून तिथं संगमरवर घातला. बायका आता जीपनं दौंडला जातात. सगुणाबाईंची धाकटी नात जीपमध्येच जन्मली, आणि नाळ कापायला जवळ कुणी नव्हतं. हे चोपड्यात छापत नाहीत.

हंगामाचा सण आता चर्चच्या अंगणात होतो. भिंतीपलीकडं फ्लॅटवाले गॅलरीत चहा घेत बघत असतात. टेबलावर सगळ्यांत आधी लिडियाबाई चावी ठेवतात, जिचं कुलूपही आता उरलेलं नाही. एडविनमामा उठतात, रविराजचं नाव घेतात, बोली सांगतात. “एक वार,” म्हणतात. “दोन वार,” म्हणतात. मग भिंतीपलीकडं बघत हात वर धरून उभे राहतात, आणि सगळी मंडळी त्यांच्याबरोबर उभी राहते, कुणीतरी घेतलेलं परत ठेवायला येईल म्हणून.