उकंडरावांच्या घरची काचेची सुई

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. मित्रांनो, लगेच दंड लपवू नका. माझे टोचण्याचे दिवस कधीच सरले. आता मी उंद्री गावच्या एका शेतकऱ्याच्या घरी, कोनाड्यातल्या पत्र्याच्या डबीत कापसावर पडून असते. घरातले मला सुईच म्हणतात.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. माझी नळी आणि तिच्यातला दट्ट्या असे घासून बसवले की एक थेंब गळू नये. अंगावर बारीक रेघा उमटवल्या, कारण माझे औषध मापानेच द्यावे लागते. त्या रेघांचा मला फार अभिमान वाटे. खरे सांगायचे तर अजूनही वाटतो.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मी खामगावच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कपाटात होते. एक दिवस उकंडराव आले. अंगाचा नुसता सापळा, आणि घागरभर पाणी प्याले तरी तहान भागत नव्हती. सोबत पत्नी कौशल्याबाई आणि आई रुखमाबाई. रुखमाबाईंची आधीची लेकरे जगली नव्हती. म्हणून हे लेकरू जन्मताच त्यांनी उकिरड्यावर ठेवले, पुन्हा उचलून घेतले आणि नाव ठेवले उकंडा. टाकून दिलेल्या पोराकडे काळ वळून बघत नाही, असे गावातले लोक मानत. त्या उकंडाला मधुमेह झाला होता, आणि रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

टोचणार कोण? कौशल्याबाई पुढे झाल्या. डॉक्टरांनी मला त्यांच्या हाती दिले आणि एका वांग्यावर सराव करायला लावला. त्या बिचाऱ्या वांग्याची चाळण झाली, पण बाईंचा हात बसला.

मग माझी खरी नोकरी सुरू झाली. सकाळी चुलीवर पाण्यात उकळून घ्यायचे, निवायचे आणि कामाला लागायचे. इन्सुलिनची बाटली पाण्याच्या डेऱ्याखाली ओल्या वाळूत एका डबीत ठेवलेली असे. उन्हाळ्यात घरात तेवढीच जागा थंड. सण असो की सुगी, कौशल्याबाईंनी माझी वेळ कधी चुकवली नाही. उकंडरावांच्या अंगावर मांस चढले. दसऱ्याला विळे, कुऱ्हाड, नांगर यांच्या रांगेत रुखमाबाईंनी माझ्या डबीलाही कुंकू लावले. मी अगदी फुगून गेले. वाटले, या घराला आपणच तारले.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. या आजारात पाय बधिर होतात, तेव्हा अनवाणी चालू नका आणि रोज पाय बघा. उकंडरावांनी ते निम्मेच ऐकले. वावरात ते चपला घालत. पण पायाला काटा टोचलेला कळत नाही, याची त्यांना उलट मौज वाटे. शेजारच्या महादेवरावांना ते सांगत, "माह्या पायाले आता काटाबी भेते."

आणि खळ्यात तर चपलांचा प्रश्नच नव्हता. खळे म्हणजे लक्ष्मीचे घर. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर ज्वारी पडली की तिथे कोणी पायताण घालून पाऊल टाकत नाही. रुखमाबाईंचा तो कडक नेम होता.

अशी काही वर्षे गेली आणि एका वर्षी मळणीच्या वेळी रुखमाबाईंना खळ्यात रक्ताचे डाग दिसले. त्यांना वाटले, बैलाला लागले. मळणी थांबवून त्यांनी दोन्ही बैलांचे खूर उचलून, पुसून पाहिले. खूर धड होते. तरी डाग पुढे पुढे जात होते आणि जिथे उकंडराव उभे होते तिथे थांबले होते. तळपायात धसकट, म्हणजे ज्वारीच्या ताटाचा टोकदार बुडखा, घुसून मोडले होते.

"मले तं काई दुखून नाई राह्यलं," उकंडराव म्हणाले.

खामगावला नेईपर्यंत पाय सुजला, करंगळी काळी पडली. कौशल्याबाईंनी पदराखाली मला नेले होते, म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकले. पू वर चढला, तर गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. रुखमाबाई म्हणाल्या, त्याला दुखत नाही म्हणतो, मग एवढे काय झाले?

"आजी, दुखत नाही हाच तर घात आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखला असता, तर तो त्याच पावली थांबला असता."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले, मित्रांनो. माझी मात्रा वाढली, मी माझे काम चोख केले. पण पायातले धसकट काढणे काही माझ्या रेघांत बसत नव्हते. माझा सगळा ताठा उतरला. शेवटी करंगळी गेली आणि पाय वाचला. डॉक्टरांनी तसे सांगितले तेव्हा कौशल्याबाई पहिल्यांदा रडल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा खळे सारवले. उकंडराव नेहमीसारखे कडेला चपला काढू लागले, तर आईने हात धरला. त्यांनी पदराआडून जोडे काढले. नव्या घोंगडीच्या घड्यांवर घड्या घालून, दाभणाने शिवलेले, जाडजूड. महादेवरावांनी टोकले, खळ्यात पायात काही घालून चालते का? रुखमाबाई शांतपणे म्हणाल्या, "लोकर सोवळ्याले चालते, तं लक्ष्मीलेबी चालन. उकिरड्यावरून उचलला म्या त्याले. आता एका धसकटाले देऊ काय?"

रास पडली, पूजा झाली, आणि राशीच्या शेजारी रुखमाबाईंनी त्या घोंगडीच्या जोड्यांना कुंकू लावले. घरी येऊन कौशल्याबाईंनी हे सारे मला उकळता उकळता सांगितले. मला हेवा वाटायला हवा होता, पण वाटला नाही. भरून आले.

त्या दिवसापासून रुखमाबाई संध्याकाळी आधी बैलांचे खूर बघत, मग ओसरीवर बसून लेकाचे तळपाय मांडीवर घेत. पन्नाशीचा बाप्या लाजून पाय ओढून घेई, त्या सोडत नसत. त्या गेल्यावर ते काम कौशल्याबाईंनी घेतले. उकंडराव म्हातारे झाले ते दोन्ही पायांवर चालत.

आता माझ्या जागी हलक्या, एकदा टोचून टाकायच्या सुया आल्या आहेत. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, एक विनंती ऐका. तुमच्या घरी कोणाला हा आजार असेल, तर त्याची सुई चुकवू देऊ नका. आणि संध्याकाळी त्याचे तळपाय मांडीवर घ्या. दुखते का, असे विचारत बसू नका. स्वतः बघा.