दोन घरांमधला स्प्लिटर

मित्रांनो, घरातलं इंटरनेट हळू झालं की तुम्ही आधी कुणाकडे डोळे वटारून बघता? त्या लुकलुकणाऱ्या मोडेमकडे. नाहीतर कंपनीच्या नावानं बोटं मोडता. घरामागच्या भिंतीकडे कुणीच बघत नाही. तिथं पालीच्या शेजारी, एखाद्या गंजक्या खिळ्यावर माझ्यासारखा कुणीतरी लटकलेला असतो. मी एक जुना स्प्लिटर आहे. आगपेटीएवढा माझा जीव. एका बाजूला एक तोंड, दुसऱ्या बाजूला दोन. एका तारेतून आलेलं मी दोन तारांत वाटून देतो. देत होतो, असं म्हणायला हवं.

माझ्या जन्माची गोष्ट फार मोठी नाही. दूरच्या एका शहरातल्या कारखान्यात माझ्या पोटात बारीक तारेची वेटोळी बसवली, वरून झाकण दाबलं आणि पन्नास भावंडांसोबत मला खोक्यात भरलं. तिथून मी वरोऱ्याला आलो तो देवानंदच्या पिशवीत. देवानंद म्हणजे आमचा केबलवाला. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. सायकलच्या हँडलला तारेचं भेंडोळं अडकवून तो गल्लीगल्लीतून फिरायचा, आणि तो दिसला की बायका त्याला चहाला थांबवायच्या. डॉक्टरलाही एवढा मान नसेल.

तलावाच्या पाळीकडे जाणाऱ्या गल्लीत दोन घरं होती. एक गुणवंतरावांचं. त्यांची कापूस-सोयाबीनची शेती होती. दुसरं इस्तारीभाऊंचं. ते तलावात जाळं टाकायचे आणि त्यांची बायको गोकुळाबाई टोपलीत मासे घेऊन विकायला निघायची. दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून गुणवंतरावांच्या रुखमाबाई आणि गोकुळाबाई यांची वाटी सतत ये-जा करायची. इकडून लाखोरीच्या डाळीचे वडे गेले की तिकडून झिंगे यायचे. नियम एकच, वाटी रिकामी परत करायची नाही.

एका वर्षी रुखमाबाईंना टायफॉईड झाला. एकवीस दिवस गोकुळाबाईनं दोन्ही घरच्या भाकरी थापल्या. बरं वाटल्यावर रुखमाबाईंना प्रश्न पडला की या वाटीत आता काय घालून परत करावं. नेमका त्याच वेळी इस्तारीभाऊंनी कुणाचा तरी जुना टीव्ही आणला होता, पण केबल नव्हती. रुखमाबाईंनी देवानंदला बोलावलं.

"माह्या तारेतून गोकुळाले बी देऊन टाका."

देवानंदनं डोकं खाजवलं. "देतो ना बाई. पण दोघींत वाटलं तं चित्र जरासं फिकं होईल."

"होऊ द्या फिकं. दोघी मिळून पाहू."

अशा रीतीनं मी रुखमाबाईंच्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, भिंतीवरच्या खिळ्यावर बसलो. माझ्या एका तोंडातली तार घरात गेली, दुसरी भिंत ओलांडून गोकुळाबाईकडे. काय दिवस होते ते! संध्याकाळी दोन्ही घरांत एकच मालिका लागायची. सासूनं सुनेच्या दुधात काही कालवलं की दोन्हीकडून एकदमच "अगं माय!" ऐकू यायचं. जाहिराती लागल्या की दोघी धावत भिंतीपाशी यायच्या. टीव्हीच्या आवाजात एकीचं दुसरीला ऐकू जायचं नाही, मग हातवारे करून नि ओठ हलवूनच सारं बोलणं व्हायचं. दसऱ्याला रुखमाबाई मोटारपंपाला झेंडू वाहायच्या, आणि एक फूल माझ्या खिळ्याला खोचायच्या. मी तेव्हा फार फुगलो होतो, हे कबूल करतो.

दिवस सारखे राहत नाहीत. इस्तारीभाऊ गेले. गोकुळाबाईचा मुलगा सुरज कोरपन्याकडं सिमेंटच्या कारखान्यात लागला होता, तो आईला घेऊन गेला. सामान टेम्पोत चढलं, घराला कुलूप लागलं. भिंतीपलीकडे माझी तार मात्र एका हुकाला तशीच लोंबत राहिली, उघड्या तोंडानं. रुखमाबाईंनी ती ओढून घेतली नाही. दिलेलं परत घ्यायचं नसतं, असं त्यांचं मत. पुढं गुणवंतरावांनी छतावर डिश लावली आणि मी बेकार झालो. माझ्यावर कोळ्यानं जाळं विणलं. झेंडूचं फूल यायचंही बंद झालं.

मग तीन वर्षांपूर्वी देवानंदच्याच तारांतून इंटरनेट यायला लागलं. मोडेम लावायला आलेल्या माणसानं घरातल्या जुन्या तारेचं टोक मोडेमला जोडलं आणि तो निघून गेला. मागं सपरीत येऊन माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. पण मला त्याचं काय! माझ्यातून पुन्हा काहीतरी वाहायला लागलं होतं.

आणि काय वाहत होतं सांगू? रोज दुपारी चार वाजता सपरीच्या कोनाड्यात रंजीता, म्हणजे रुखमाबाईंची सून, मोबाईल उभा करून द्यायची आणि त्यात गोकुळाबाई दिसायची. गोकुळाबाईचे कान आता पार गेले होते. नुसता फोन तिच्या कामाचा नव्हता. पण रुखमाबाईंचे ओठ आणि हात दिसले की तिला सगळं कळायचं. भिंतीपाशी इतकी वर्षं दोघींनी तेच तर केलं होतं.

गेल्या पावसाळ्यात हे बिघडलं. गोकुळाबाईचं चित्र इकडे अडखळत का होईना, यायचं. रुखमाबाईंचं चित्र मात्र तिकडे जाताना गोठायचं. त्या इकडे घसा कोरडा करून बोलत असायच्या आणि तिकडे गोकुळाबाईला दिसायचा मिटल्या तोंडाचा, गप्प बसलेला चेहरा. त्यात गोकुळाबाईची नात भाग्यश्री हिच्या लग्नाला गुडघ्यांमुळे रुखमाबाईंना कोरपन्याला जाता आलं नव्हतं.

"बोलत काऊन नाई वो रुखमा?" गोकुळाबाई विचारायची. "लगनाले आली नाई, आता तोंड बी उघडत नाई. राग धरला का माह्यावर?"

"बोलून राह्यली ना वो मी! केव्हाची बोलून राह्यली!" रुखमाबाई ओरडायच्या. पण ऐकू न येणाऱ्या माणसाला, तेही गोठलेल्या चित्रातून, कसं कळावं? असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी गोकुळाबाईनं फोन घेतला नाही. त्यानंतर आठ दिवस नाही. चार वाजले की रुखमाबाई कोनाड्यासमोर येऊन बसायच्या आणि तशाच उठून जायच्या. पन्नास वर्षांची मैत्री एका न केलेल्या रागापायी तुटत होती आणि मी वर खिळ्यावरून बघत होतो.

रंजीता गप्प बसणारी नव्हती. तिनं मोडेम बंद करून मिनिटभरानं चालू केला. तो पिठाच्या स्टीलच्या डब्यांमागं दडलेला होता, तिथून काढून मोकळ्या जागी ठेवला. घरातले बाकीचे मोबाईल बंद करायला लावले, गुणवंतरावांचा भजनांचा सुद्धा. लॅपटॉपला मोडेममधून सरळ तार लावून वेग मोजला. चाळीसच्या जागी चार. इकडून बाहेर जाणारा वेग तर अर्धासुद्धा नाही. मग गुणवंतराव चंद्रपूरला जाऊन नवाकोरा मोडेम घेऊन आले. त्याचीही तीच गत.

"नवं आणलं तरी गुण जुन्याचेच!" गुणवंतराव चिडले. बिचारा जुना मोडेम माळ्यावर गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! चोर कोण ते मला माहीत होतं. पावसाचं पाणी त्या उघड्या तारेतून माझ्या पोटापर्यंत आलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण माझी तिन्ही तोंडं तारांनी भरलेली.

शेवटी रंजीतानं देवानंदला बोलावलं. मिशा आता पांढऱ्या, हातात मोजायचं यंत्र. मोडेमपाशी मोजलं, मान हलवली आणि तारेचा माग काढत तो सपरीत आला. मला बघून थबकला.

"अरे, हा तं माह्याच हातचा हाये!"

त्यानं भिंतीपलीकडच्या तारेचं टोक ओढून आणलं. आतलं तांबं हिरवंगार झालं होतं. "रंजीताबाई, दुखणं इथी हाये. अर्धा जोर त्या बंद घरात जाऊन राह्यला. अन् ह्या उघड्या तोंडातून सारा कचरा आत येऊन तुमच्या जाणाऱ्या वाटेत गोंधळ घालते. हे तार तोडा लागते."

"हात नोका लावू!" रुखमाबाई गुडघ्याचं दुखणं विसरून उठल्या. "ते तार गोकुळाची हाये. दिलेली वाटी कोणी वापस घेते का? तिले इचारल्याबिगर नाई तोडणार."

"इचारणार कशा आत्याबाई?" रंजीता म्हणाली. "तुमचं बोलणं तिकडं दिसतच नाई ना!"

मग देवानंद म्हणाला, "तोडत नाई बाई. घडीभर बाजूला करतो. तुम्ही इचारून घ्या. नाई म्हणाली तं पुन्हा लावून देतो."

त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि दोन तारा सरळ एकमेकींना जोडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रिकामा झालो. त्याच्या तळव्यावर पडून मी पाहत होतो.

रंजीतानं माहेरी आलेल्या भाग्यश्रीला फोन करून आजीला समोर बसवायला सांगितलं. गोकुळाबाई आली, फुरंगटून, मान वळवून. रुखमाबाईंनी ते हिरवं पडलेलं तारेचं टोक समोर धरलं, बोटांची कात्री केली आणि विचारल्यासारखे हात जोडले. गोकुळाबाईनं डोळे बारीक केले, आणि मग तिला जे हसू फुटलं!

"अवो रुखमा, ते तार अजून हाये? माहा टीव्ही तं मी जाच्या दोन वर्षं आधीच जळला होता! तुले वाईट वाटन म्हणून मी तार काढली नाई."

रुखमाबाईंनी कपाळावर हात मारला. "अन् रोज मालिकेचं बोलत होती, ते?"

"खिडकीतून तुह्याच टीव्हीचं आइकत होती. तवा कान होते ना मले."

"अन् मी तुह्यासाठी फिकं चित्र पाहत राह्यली!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग गोकुळाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तोड ते तार. अन् बोल. आज तुहं तोंड हालताना दिसून राह्यलं वो."

मला वाईट वाटलं, मित्रांनो, खोटं कशाला सांगू? दोन वर्षं मी जळक्या टीव्हीला चित्र पुरवत होतो, आणि पुढं कितीतरी वर्षं कुलूपबंद घराला. आता माझी जागा भंगारात, हे मी ओळखलं. पण रुखमाबाईंनी देवानंदच्या हातातून मला घेतलं, पदरानं पुसलं आणि कोनाड्यात मोबाईलच्या पायाशी ठेवलं, तो घसरू नये म्हणून.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. इंटरनेट हळू झालं तर नवी वस्तू आणण्याआधी जुने सांधे तपासा. तार आत कुठून येते, वाटेत कुठं फाटे फुटतात, ते स्वतः मागे जाऊन बघा. कामात नसलेल्या तारेचं तोंड उघडं ठेवू नका. आणि कुणाचं मन दुखावेल म्हणून एखादी गोष्ट वर्षानुवर्षं तशीच लोंबकळत ठेवली असेल, तर एकदा त्या माणसालाच विचारून घ्या. तोही कदाचित तुमच्याचसाठी गप्प बसला असेल.

काल दसरा होता. चार वाजायच्या आधी रुखमाबाईंनी मोटारपंपाला फूल वाहिलं, आणि मग कोनाड्यापाशी येऊन एक झेंडू माझ्या रिकाम्या तोंडात खोचला. मोबाईल माझ्या आधारानं उभा केला. पलीकडून गोकुळाबाई ओठ हलवून काहीतरी म्हणाली, आवाज न काढता, पूर्वी भिंतीपाशी म्हणायची तशी. मला काही कळलं नाही. रुखमाबाईंना कळलं, कारण त्या हसल्या.